पासंग

फेब्रुवारी. लुइस्टनची नदी वरून गोठलेली, खालून वाहती.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉलेजचा लॅपटॉप,
एका अर्जाला आठ मिनिटं.
हंगामी वाचक आहे मी, तासावर पैसे.
बत्तीस वर्षं लॅटिन शिकवलं,
आता सतरा वर्षांच्या पोरांची आयुष्यं चाळते.
चाळते हाच शब्द बरोबर,
चाळणीखाली काय पडलं ते बघायचं नसतं.

वंशाचा रकाना आम्हाला दिसत नाही आता.
कोर्टाच्या निकालापासून तिथे करडी पट्टी.
पट्टीखालचं नाव सांगतं, गल्ली सांगते,
रविवारी कुठे गातो ते सांगतं.
शिफारसपत्रंही सांगतात:
क्वीन्सच्या एल्डन क्वॉकबद्दल बाईंनी लिहिलंय,
"शांत, कष्टाळू, गणितात पक्का."
त्याच शाळेतली आणखी दोन चिनी आडनावं,
तेच तीन शब्द, त्याच क्रमाने.
हा एल्डन बसस्टॉपवर अनोळखी माणसांना विनोद सांगतो.
एक निबंधात घातलाय.
मी एकटीच घरात मोठ्यांदा हसले,
मग गुणपत्रिकेत शोधलं
हसवण्याचे गुण कुठे टाकायचे ते.

उपक्रमांचे रकाने दहा.
कनेक्टिकटच्या प्रेस्कॉटचे दहाच्या दहा भरलेले:
स्क्वॉश, चेलो, वादसभा, पेरूत खणलेली विहीर.
पाणी लागलं का, लिहिलेलं नाही.
त्याला हसणं सोपं आहे.
पण निबंधाच्या तळाशी एक वाक्य,
"मला खरं तर सायकली दुरुस्त करायला आवडतं,
सल्लागार म्हणाले, ते लिहू नकोस."
तासाला चारशे डॉलर घेणाऱ्याची नजर चुकवून
पोराने एवढं एक खरं आत सोडलं.

आणि इफ्राह. माझ्याच गावची.
सोमाली नाव, पट्टी बिचारी काय झाकणार?
नऊ रकाने कोरे. एकात:
"दुभाषी, डायलिसिस सेंटर. मंगळ, गुरू, शनि.
आठवड्याला पंधरा तास. वर्षाचे आठवडे बावन्न."
पद, या चौकोनात: "मुलगी."

मार्चात समिती बसली. उरलेली जागा एक.
कुणी म्हणालं, मशीनशेजारी बसणं हा उपक्रम कसा?
मी म्हटलं, मग विहीर कशी?
कुणी म्हणालं, क्वॉक हुशार आहे, पण स्वभावात उठाव नाही.
मी विनोद वाचून दाखवला. मला नीट सांगता आला नाही.
तेवढ्यात हॉकीच्या कोचची चिठ्ठी आली,
गोलकीपर हवाय.
चौथीच फाइल उघडली, आणि जागा संपली.
पंधरा तास, बावन्न आठवडे,
पासंगालाही पुरले नाहीत.

गाडीत बसून राहिले, किल्ली न फिरवता.
अठ्ठ्याहत्तर साली मी याच कॉलेजात आले,
गिरणी कामगाराची पोर, थिबोडो आडनावाची,
जिच्या फ्रेंच हेलावर वर्ग हसायचा.
वाटायचं, मार्कांवर आले.
वीस वर्षांनी एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने सहज सांगितलं:
त्या वर्षी ऑर्केस्ट्राला ओबो हवा होता.
आणि ओबो तरी माझ्याकडे कुठून?
शाळेत क्लॅरिनेट वाटून संपले,
कपाटात तेवढंच उरलं होतं.

कललेल्या तराजूला खडा बांधतात,
तो पारड्याच्या खालच्या अंगाला.
पारड्यात उभ्या असलेल्याला
तो दिसत नाही.

इफ्राह प्रतीक्षायादीत आहे, सत्तेचाळिसावी.
एल्डन बावन्नावा. प्रेस्कॉटचं माहीत नाही,
त्याला दुसरीकडे मिळेल.
आज मंगळवार.
ती आत्ता आईच्या कानाशी वाकली असेल,
डॉक्टरांचं लांबलचक वाक्य
निम्मं करून सांगत.
कुठलं निम्मं गाळायचं
हे तिलाही ठरवावं लागतं,
आणि तिच्याकडे आठ मिनिटं नसतात.